ओघळलं म्हणजे भरलं

नवरा शिलाई मशीनवर आणि बायको गाडीखाली, असं घर असलं की गल्लीला आयता विषय मिळतो. या घराने तो तीस वर्षं पुरवला. पुढच्या खोलीत नवरा टेलर, लोकांच्या पँटी लांब-आखूड करणारा. मागच्या अंगणावर पत्रा टाकून केलेल्या गॅरेजात बायको, लोकांचे गिअरबॉक्स उघडणारी. नवीन गिऱ्हाईक पुढच्या दाराने येऊन "मिस्त्री कुठे आहेत?" असं विचारायचं, की टेलर तोंडातली टाचणी न काढता मागे बोट दाखवायचा. गिऱ्हाईक मागे जायचं आणि लगेच परत यायचं. "तिथे मिस्त्री नाहीत हो, कोणी बाई आहेत." "त्याच," असं म्हणून टेलर पुन्हा मशीनला पाय लावायचा.

तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने. पुढे पुढे तर तिची सख्खी बहीणही फोनवर तिला तसंच म्हणू लागली.

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना लोक वस्ताद म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. एकुलत्या एक मुलाला तेलाच्या वासाने मळमळतं हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस कपाळावर हात मारून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी नव्या सुनेच्या हातात पाना दिला. नातेवाइकांनी नाकं मुरडली. वस्ताद म्हणाले, "पोराने कात्री धरली, मग पाना काय खुंटीला टांगू?" सून हट्टी निघाली. दोन वर्षांत ती तेलात बोट बुडवून, अंगठ्यावर चोळून, हुंगून गिअरबॉक्सच्या पोटातलं दुखणं सांगू लागली. तेल लाल आणि स्वच्छ असलं तर ठीक, तपकिरी आणि करपट वासाचं असलं तर आत काहीतरी घसरतंय, दुधाळ असलं तर पाणी शिरलंय. हळूहळू वस्तादांचे गुडघे गेले, मग त्यांची खुर्ची गॅरेजच्या दारात आली आणि पाना कायमचा तिच्याकडे.

आता गुण सांगितले तर खोडही सांगायला हवी. बाई बहुतेक वेळा बरोबर असायची आणि तिला ते माहीत असायचं. एकदा ती बोलली की बोलली. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची वेळ तिच्यावर आली नव्हती, म्हणून आपल्यावर ती येतच नाही अशी तिची समजूत झाली होती.

त्या बुधवारी व्यायामोपचार केंद्राची व्हॅन तिच्या दारात आली. पक्षाघाताने अंग गेलेल्या, अपघातात पाय गमावलेल्या अकरा जणांना घरून उचलून टेकडीवरच्या केंद्रात न्यायचं आणि परत सोडायचं, हे त्या व्हॅनचं काम. गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडणार. पण महिनाभर तिची लक्षणं ठीक नव्हती. गिअरचा दांडा पुढे टाकला की गाडी तीन सेकंद विचार करायची आणि मग धक्का देऊन निघायची. टेकडीच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. वर अंगभर थरथर होतीच. मोठ्या गॅरेजने गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं होतं. नवा यायला तीन-चार महिने लागणार होते.

"सोमवारी तपासनीस येणार आहेत," केंद्राच्या बाई म्हणाल्या. "चढावर गाडी चालवून बघतील. नापास झाली तर सेवा बंद. दुसरी गाडी नाही आमच्याकडे."

ड्रायव्हर बाजूला उभा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पूर्वी त्याची स्वतःची टॅक्सी होती, ती गेल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. तो म्हणाला, "आमच्यात एक मास्तरीणबाई आहेत. चौदा महिने झाले. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेला. आता बंद पडलं तर तो हात परत पडेल, असं तिथले डॉक्टर म्हणतात."

मिस्त्रीणबाईने व्हॅनकडे पाहिलं आणि म्हटलं, "सोमवारी चढेल."

वस्ताद खुर्चीतून खाकरले. गाडीखाली न जाता शब्द द्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. पण सूनबाई शब्द देऊन बसली होती, आणि चार माणसांत तिला टोकायचं नाही हाही त्यांचाच नियम.

तिने तेल काढलं. काळपट निघालं, करपलेलं. मागच्या खेपेला कोणतं घातलं असं विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "लाल. त्या मोठ्या गॅरेजकडे पिंप आहे, सगळ्या गाड्यांना त्यातलंच घालतात."

इथे बाईचा पारा चढला. तेल लाल आहे म्हणजे एकच आहे, असं समजणाऱ्यांवर तिचा जुना राग. रंग काय, ओळखायला घालतात. खरा फरक अंगात असतो. एका गिअरबॉक्सला घसरडं तेल लागतं, दुसऱ्याला जरा धरून ठेवणारं, आणि एकाचं दुसऱ्याला घातलं की आतल्या चकत्या धड धरत नाहीत, धड सोडत नाहीत. ती थरथर तिथूनच येत होती. म्हणजे गिअरबॉक्स गेलेला नव्हता, त्याला चुकीचं पाजलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

ती सुट्ट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदाराने फळीवरचा डबा पुढे सरकवला. "हे घ्या. सगळ्या गाड्यांना चालतं."

"सगळ्यांना चालतं ते पाणी," ती म्हणाली. "मला या गाडीचं दाखवा."

"अहो, डब्यावर शंभर गाड्यांची नावं आहेत."

"नावं वाचली. ही गाडी त्यात नाही. कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक काढा."

दुकानदाराने सुस्कारा टाकला, जाडजूड पुस्तक काढलं, धूळ झटकली. तिने त्या गिअरबॉक्सचं पान शोधलं, तेलाचा क्रमांक बोटाने दोनदा वाचला, कागदावर उतरवला आणि पुस्तक मिटलं. त्या क्रमांकाचं तेल दुकानात नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी मागवून आलं, सात डबे, प्रत्येकी एक लिटर. प्रत्येक डब्यावरचा क्रमांक तिने कागदाशी ताडून पाहिला. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही लग्नातसुद्धा एवढी पत्रिका बघितली नसेल." "नाहीच बघितली," ती म्हणाली, "म्हणून तर टेलर मिळाला."

शुक्रवारी तिने गाळणी बदलली, खालचं भांडं धुऊन पुसून बसवलं आणि तेल भरायला घेतलं. या गिअरबॉक्सला पातळी बघायची पट्टी नव्हती. तळाला एक बोल्ट होता, तो काढला की भोक, आणि भोकात आत उभी नळी; तेल बाजूच्या तोंडातून भरायचं, ते नळीच्या उंचीपर्यंत चढलं की भोकातून बाहेर. ही भोकं ती डोळे मिटून ओळखायची. वस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं होतं, की भरत राहायचं आणि भोकातून ओघळलं म्हणजे भरलं. साडेचार डबे गेले आणि भोकातून लाल धार आली. तिने बोल्ट आवळला. अडीच डबे उरले. जुनं तेल कुठेतरी कानाकोपऱ्यात राहिलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

शनिवारी दुपारी ती आणि ड्रायव्हर गाडी घेऊन निघाले. गाडी लोण्यासारखी चालली. थरथर गायब. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं. दहा किलोमीटर गावात फिरून ते टेकडीच्या पायथ्याशी आले, अर्धा चढ चढले, आणि इंजिन ओरडलं. काटा वर गेला, गाडी जागच्या जागी. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि दोघंही समोरच्या काचेतून नुसती बघत बसली.

"तेल बरोबर आहे," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "तेल बरोबर आहे."

"असेल हो," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "माझी टॅक्सी अशीच गेली. नवं तेल टाकलं, गार असताना अशीच छान. गरम झाली, चढ आला, की इंजिन नुसतं हवेत फिरायचं. तीन वेळा तेल बदललं. शेवटी वस्ताद म्हणाले, गिअरबॉक्स संपलाय, गाडी भंगारात दे. दिली."

तिने मान वळवली. "तुमची टॅक्सी कोणती होती?"

त्याने सांगितलं. वेगळ्या कंपनीची गाडी. गिअरबॉक्स वेगळा, तेलही वेगळं. पण ऑटोमॅटिक, आणि तीही बिनपट्टीची.

"तेल कोणी भरलं होतं?"

"कोणी म्हणजे? वस्तादांनीच. दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नसता."

गाडी गार होईपर्यंत थांबून ते हळूहळू परत आले. ड्रायव्हर घरी गेला. ती गॅरेजात उभी राहून उरलेल्या अडीच डब्यांकडे बघत राहिली. गाड्या दोन, गिअरबॉक्स दोन, तेलं दोन आणि रोग एक. मग दोन्हीकडे सारखं काय होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. सारखा होता तो भरणारा हात. वस्तादांचा हात आणि त्याच हाताने घडवलेला तिचा.

दुकान बंद व्हायच्या आत ती धावत गेली. "ते पुस्तक," ती म्हणाली. तिने तेच पान काढलं, आणि या वेळी उलटलं. तेलाचं नाव वाचून तिने पुस्तक मिटलं होतं, कारण भरायचं कसं हे पुस्तकाने तिला शिकवावं? पानाच्या मागे तेच लिहिलं होतं. गाडी सपाट उचला. इंजिन चालू ठेवा. दांडा सगळ्या गिअरांतून फिरवा. तेल चाळीस अंशांच्या आसपास गरम होऊ द्या. मग इंजिन चालू असतानाच तळाचा बोल्ट काढा, आणि बारीक धार येईपर्यंत भरा.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. हाताने गिअर बदलायच्या गाडीत तेल डबक्यासारखं बसून असतं, त्यात इंजिन बंद असताना भरलेलं खरं असतं. ऑटोमॅटिकमध्ये मात्र पंप असतो. इंजिन सुरू झालं की तो तळातलं तेल उपसून वरच्या नळ्यांत नेतो आणि तळ रिकामा पडतो. बंद इंजिनात भोकातून ओघळलेली धार खोटी. त्या धारेवर विश्वास ठेवला की गाडी अर्ध्या पोटी निघते आणि चढावर पंपाच्या तोंडात हवा जाते. बाईला स्वतःचा इतका राग आला की दुकानदाराने पाणी आणून दिलं. तिने ते घेतलं नाही.

रविवारी सकाळी तिने व्हॅन चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर उचलली, चारही चाकं अधांतरी. ड्रायव्हरची सुट्टी होती. मग आत बसवायला राहिला टेलर.

"मी?" टेलर म्हणाला. "मला गाडी चालवता येत नाही."

"चालवायची नाहीये. ब्रेकवर पाय ठेवा, आणि मी सांगेन तसा दांडा हलवा."

"चुकलो तर?"

"चुकलात तर मी खाली आहे. मग शिवत बसा पांढरे कपडे."

टेलरने देवाचं नाव घेऊन इंजिन सुरू केलं. ती खालून ओरडायची आणि तो दांडा टाकायचा. मागे, मधे, पुढे, प्रत्येक ठिकाणी पाच आकडे मोजायचे. वस्ताद खुर्ची पुढे ओढून बसले होते. तिने भांड्याला तापमापक टेकवला. तीस, पस्तीस. एकोणचाळीस झाल्यावर तिने चालू इंजिनाखाली तो बोल्ट काढला.

एक थेंब आला नाही.

ज्या भोकातून शुक्रवारी धार लागली होती, ते कोरडं ठणठणीत. तिने बाजूच्या तोंडाला उरलेला डबा लावला. एक संपला, दुसरा संपला, तिसरा अर्धा होता तोही संपत आला, तेव्हा कुठे भोकाच्या काठाशी लाल रेघ आली आणि बारीक धारेने पडू लागली. तिने बोल्ट बसवला. "बंद करा," ती म्हणाली.

बाहेर आली तेव्हा वस्ताद रिकाम्या डब्यांकडे बघत होते. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर गिअरबॉक्स उघडलेला माणूस, त्याला पाहता पाहता समजलं होतं.

दुपारी ती एकटी व्हॅन घेऊन टेकडी चढली, उतरली, पुन्हा चढली. चार वेळा. गाडी एकदाही अडली नाही. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण ड्रायव्हरची टॅक्सी डोक्यातून जाईना.

जेवताना वस्तादांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "सूनबाई, त्याची टॅक्सीपण अशीच असणार."

"हो, मामंजी."

"नऊ वर्षं झाली. त्याला सांगायलाच हवं का? गेलेली गाडी थोडीच परत येणारे? तेल बदललं, उद्या गाडी पास होईल, काम झालं. कोण विचारतंय?"

टेलरने बायकोकडे पाहिलं. तिला सासऱ्यांची दया आली. ज्या माणसाने तिच्यासाठी सगळ्या नातेवाइकांशी वाकडं घेतलं, त्याचं नाव तिच्या हाताने खाली येणार होतं. तरीही ती म्हणाली, "मी माझी चूक सांगणार. तुमची तुम्ही बघा. मी तुमचं नाव घेणार नाही."

सोमवारी सकाळी आठला तपासनीस आले. केंद्राच्या बाई आल्या, ड्रायव्हर आला. तपासनीसांनी स्वतः गाडी चढावर नेली, मध्येच थांबवली, पुन्हा चढवली. परत आल्यावर त्यांनी बोनेटवर फॉर्म ठेवला आणि सही करण्याआधी विचारलं, "बिघाडाचं कारण काय लिहू?"

केंद्राच्या बाई म्हणाल्या, "तेल जुनं झालं होतं ना?"

सोपं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

"तेल चुकीचं होतं, ते बदललं," मिस्त्रीणबाई म्हणाली. "पण शनिवारी गाडी पुन्हा अडली ती माझ्यामुळे. मी इंजिन बंद ठेवून तेल भरलं. अडीच लिटर कमी पडलं. गिअरबॉक्स चांगलाच होता. माझी चूक लिहा."

तपासनीसांनी पेन उचललं. केंद्राच्या बाई गोंधळल्या. ड्रायव्हर मात्र काहीतरी मोजत असल्यासारखा उभा होता.

"तिची नाही," वस्ताद म्हणाले. ते काठी टेकून खुर्चीतून उठले होते, आणि त्यांना उठायला वेळ लागला. "तिला तसं मी शिकवलं. मीही तसंच भरत आलो."

ड्रायव्हरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वस्तादांकडे.

"म्हणजे माझी टॅक्सी?"

"चांगली होती," वस्ताद म्हणाले. "अर्ध्या पोटी होती. मीच ठेवली होती."

ड्रायव्हरचे ओठ हलले. शिवी येईल असं वाटलं. वस्ताद तर ती घ्यायला उभेच होते. पण तो म्हणाला, "वस्ताद, तुम्ही नुसतं 'मला कळत नाही' म्हणाला असतात, तर मी गाडी ठेवली असती. दारात नुसती उभी ठेवली असती. पण तुम्ही संपली म्हणालात."

ते मिस्त्रीणबाईलाही लागलं. बुधवारी गाडीखाली न जाता "सोमवारी चढेल" म्हणणारी तीच होती. गाडी चढली, म्हणून ते खपून गेलं.

तपासनीसांनी सही केली. घड्याळात साडेआठ झाले होते आणि मास्तरीणबाई नऊला आपल्या दारात व्हॅनची वाट बघत बसायच्या. ड्रायव्हरने हात पुढे केला. तिने किल्ली दिली. तो व्हॅनमध्ये बसला, दांडा पुढे टाकला, आणि गाडी एका क्षणात, धक्का न देता निघाली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

वस्ताद तिथेच उभे होते. टेलर पुढच्या खोलीतून येऊन म्हणाला की बाहेर एक गिऱ्हाईक आलंय, गाडी मागे घेताना खर्र करतेय, किती दिवस लागतील विचारतंय.

"मला अजून कळत नाही म्हणावं," मिस्त्रीणबाई म्हणाली. "गाडी आत घेऊन या. बघते."